ढील

भाकरी का करपली, पानं का सडली, घोडा का अडला? तिन्हींचं उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. अकबर-बिरबलाच्या नावावर खपलेलं हे कोडं शाळकरी वयात प्रत्येकाने कुणाला तरी घातलेलं असतं. भाकरी आणि पानांबद्दल वाद नाही. घोड्याच्या बाबतीत मात्र बिरबलाने निम्मंच सांगितलं. रोज फिरवलेला घोडाही अडतो, आणि अडतो तेव्हा त्याच्या दोराचं दुसरं टोक बहुधा कुणीतरी घट्ट ओढून धरलेलं असतं.

बेळगावहून खानापूर-जांबोटीच्या अंगाला लाल मातीच्या माळावर एखाद्या घराने चार-सहा घोडे पाळून शिकवणी काढली, की पाटीवर 'रँच' लिहिलं जातं. गावात मात्र ते 'घोडीवाल्यांचं शेत' असतं. खरं तर मराठीला यासाठी शब्द उसना आणायची गरज नव्हती. पागा हा शब्द होता आणि पागेतली माणसंही होती. सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर, स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा शिलेदार. आज तासाची फी भरून येणारी सगळी मंडळी बारगीरच म्हणायची. पहिल्या सहा महिन्यांत 'आपण पण एक घोडा घ्यायचा काय?' म्हणणाऱ्या शिलेदारांना थोडं थांबवावं लागतं, एवढंच.

या बारगिरांची पहिली तक्रार ठरलेली असते. मुलाला घोड्यावर बसवायला आणलं, आणि हे लोक त्याला जमिनीवरच उभं करतात! पण नैसर्गिक पद्धतीची, म्हणजे मारझोड न करता घोड्याच्या स्वभावाला धरून दिलेली, शिकवण जमिनीवरच सुरू होते. साधारण 60 फूट व्यासाचं गोल कुंपण, घोड्याच्या तोंडावर लोखंड नसलेली दोराची म्होरकी आणि 12 फूट लांब दोर, एवढ्यावर पहिले तीन-चार तास जातात. घोड्याजवळ जायचं ते खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. दिसत नाही ते कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या मागचं. हौशी पाहुणे नेमके याच दोन जागा निवडतात.

मग मुख्य धडा. घोड्याला मागचा भाग बाजूला सरकवायला सांगायचं. आधी त्या भागाकडे नुसतं रोखून बघायचं. हलला नाही तर बोटांची टोकं केसांना लागतील इतकी टेकवायची. मग कातडीवर, मग मांसावर, शेवटी हाडाला जाणवेल असा दाब. प्रत्येक पायरीवर दोन-तीन सेकंद थांबायचं, आणि पायऱ्या गाळायच्या नाहीत. आतापर्यंत सगळ्यांना जमतं. चुकतं ते पुढे. घोड्याने मागचा पाय उचलायला नुसता भार सरकवला, तरी हात त्या क्षणी काढायचा. पूर्ण काढायचा, निम्मा नव्हे. दाबाने घोड्याला फक्त प्रश्न पडतो. दाब गेला की त्याला उत्तर मिळतं, 'हां, हेच हवं होतं'. हात तीन सेकंद उशिरा सुटला, तर त्या तीन सेकंदांत त्याने जे काही केलं (मान झटकली, कान पाडले, पाय आपटला) तेच बरोबर होतं असं त्याच्या डोक्यात बसतं. मग लोक म्हणतात, घोडा खोडकर आहे.

उलटंही तितकंच खरं. दहा वर्षांच्या मुलाच्या हातात दोर आहे, घोडीला कुंपणापलीकडचं गवत दिसलं, तिने हिसका दिला आणि पोराने घाबरून दोर सोडला. ढील मिळाली! घोडी एका मिनिटात शिकली की हिसका दिला की माणूस सुटतो. तो धडा पुसायला महिना जातो.

आपल्या भाषेत जनावर हाताळायचे शब्द बघितले तर सगळे आवळण्याचेच निघतात. लगाम घालणे, वेसण घालणे, मुसक्या बांधणे, वठणीवर आणणे. सोडण्याचा एक चांगला शब्द आहे, तो पतंगवाल्यांकडे. ढील. मांज्याला ढील कधी द्यायची हे ज्याच्या बोटांना कळतं, त्याला लगाम शिकवायला फार वेळ लागत नाही. कुंपणावर बसलेल्या आजोबांची सगळी शिकवणी एका वाक्यात असते, 'सोड की गा आता, किती ओढूलास?'

सोडल्यावर घोडा काय करतो तेही बघायचं. मान खाली येते, तो ओठ चाटतो, रिकामंच चघळतो, लांब श्वास सोडून फुरफुरतो. मनावरचा ताण उतरल्याची ही खूण. तेव्हा लगेच पुढची आज्ञा द्यायची नाही, मिनिटभर उभं राहू द्यायचं. हाताने गूळ भरवायची घाईही नको, नाहीतर तो उद्यापासून खिसे हुंगेल आणि परवापासून चावेल.

सीमाभागाची म्हणून एक वेगळीच अडचण आहे. आजोबा घोड्याला 'थांब' म्हणतात, नाल ठोकायला येणारा कानडीत 'निल्लु' म्हणतो आणि मोबाइलवर व्हिडिओ बघून आलेला नातू 'व्होव' करतो. घोड्याला भाषेचा अभिमान नसतो. त्याला सूर कळतो आणि रोज तोच ऐकू येणारा आवाज कळतो. एका कामाला घरात तीन शब्द झाले की तो तिन्ही सोडून देतो. म्हणून या एका ठरावावर तरी घरात एकमत लागतं.

ही पद्धत अमेरिकेतून आली असं सांगितलं जातं, आणि टॉम डोरन्स, रे हंट या तिकडच्या गुरेढोरे सांभाळणाऱ्या माणसांनी ती नव्याने मांडली हे खरंच. पण घोड्याला मारून-धाकात ठेवून शिकवू नये, हे ग्रीक झेनोफनने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच लिहून ठेवलं होतं. आपल्याकडे अजून वरातीच्या घोड्यांच्या तोंडात काटेरी लगाम सापडतात. केंद्राच्या 1965 च्या नियमांनी त्यावर बंदी आहे. लगाम बसतो तो पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या मोकळ्या हिरड्यांवर. तिथे कातडीखाली लगेच हाड असतं. बँडपुढे घोडा 'नाचतो' तेव्हा तो बहुतेक वेळा या हाडाचं दुखणं चुकवत असतो.

आता खोगीर. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा, एका दमात आवळायचा नाही. बऱ्याच घोड्यांना त्या वेळी छाती फुगवायची सवय असते. दोन टप्प्यांत आवळायचा, घोडा वीस पावलं चालवायचा, मग दोन बोटं आत जातील इतका ठेवून पुन्हा तपासायचा. हे विसरलेला माणूस चढताना खोगिरासकट पोटाखाली जातो. रिकिबीचं, म्हणजे पाय ठेवायच्या कडीचं, माप सोपं आहे. हाताची बोटं रिकिबीचा पट्टा जिथे अडकतो तिथे टेकवली की रिकीब काखेत आली पाहिजे. पायाचा चवडा रिकिबीवर, टाच खाली. चपला, सँडल चालत नाहीत. थोडी टाच असलेला बूट हवा, म्हणजे पडताना पाय रिकिबीत अडकून माणूस फरफटत जात नाही. डोक्यावर टोप हवाच.

बसल्यावर कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत यायला हवेत. कदमचालीत, म्हणजे साध्या चालण्यात, चार ठोके ऐकू येतात, दुडक्या धावेत, म्हणजे दुडकीत, दोन. दुडकीत हाडं खिळखिळी होतात म्हणून उठत-बसत जायचं. गोलात घोड्याचा बाहेरचा खांदा पुढे गेला की उठायचं, मागे आला की टेकायचं. आठवडाभर मोजावं लागतं, मग मोजणं आपोआप सुटतं. घोडा उधळला तर दोन्ही हातांनी लगाम ओढून उपयोग नाही, त्याची मान माणसाच्या दंडापेक्षा भारी असते. एका बाजूचा लगाम हळूहळू आखडत गोल लहान करत न्यायचा. भरधाव घोड्याची मान एकदम वळवली तर दोघंही आडवे होतात.

वजनाचा विषय नाजूक, पण काढावा लागतो. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करायचा, त्याला खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या (ढुंगणाच्या) टोकापर्यंतच्या लांबीने गुणायचं आणि 11,880 ने भागायचं. घेर 160, लांबी 140 असेल तर घोडा साधारण 300 किलोचा. खोगिरासकट स्वार त्याच्या पाचव्या हिश्शाच्या वर नको, म्हणजे साठ किलो. लग्नात सुटलेल्या मामांना हे समजावण्यापेक्षा घोड्याला समजावणं सोपं जातं.

आणि चारा! कुटुंबाचा दिवस यातच जातो. घोड्याचं पोट जेमतेम 8 ते 15 लिटरचं, त्यामुळे थोडं थोडं आणि दिवसभर लागतं. त्याला उलटी करता येत नाही, चुकीचं गेलं ते आतच राहतं. 300 किलोच्या घोड्याला सहा किलोच्या आसपास कोरडा चारा लागतो. खानापूरकडे भाताचं पिंजर मुबलक, पण त्यात कस नाही. चिकोडी-निपाणीकडचा ज्वारीचा कडबा बरा, तोही बुरशी नसलेला. चंदीला, म्हणजे दाण्याच्या खुराकाला, उकडलेला कुळीथ उत्तम, मात्र एका वेळी दीड किलोच्या आतच. नेपियर गवत आणि गव्हाचा कोंडा यांवर भिस्त ठेवली की गवतातल्या ऑक्झॅलेटने कॅल्शियम अडतं, कोंड्यातल्या फॉस्फरसने तोल जातो आणि हाडं पोकळ होत जबडा सुजतो. कोंबड्यांचं खाद्य तर घोड्याच्या जवळही नको, त्यातलं मोनेन्सिन हे औषध कोंबडीला चालतं, घोड्याचं हृदय बंद पाडतं.

पावसाळ्यात जांबोटीकडच्या चिखलात खुराची पुतळी, म्हणजे तळव्यातला मऊ त्रिकोणी भाग, कुजते. काळा स्राव आणि एकदाच हुंगला तरी विसरता येणार नाही असा वास. औषधाआधी कोरडी जमीन, रोज खूर कोरून काढणं आणि दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद. खूर महिन्याला जवळपास एक सेंटिमीटर वाढतो, त्याला तारीख पुढे ढकलणं कळत नाही. घोडा पोटाकडे वळून वळून बघतोय, लीद बंद आहे, विश्रांतीतही नाडी साठच्या वर, असं दिसलं की घरगुती काढे बाजूला ठेवून डॉक्टरला फोन.

तास संपला की खोगीर उतरवल्यावर पाठ बघायची. सगळीकडे घाम आणि मध्येच कोरडा डाग असेल तर खोगीर तिथे रुततंय. डाग नसेल तर म्होरकी काढून घोडी माळावर सोडायची. सकाळी तासभर खरारा करून चकाकवलेली पांढरी घोडी चार पावलं जाते, गुडघे टेकते आणि लाल मातीत मनसोक्त लोळते. उठून अंग झाडते तेव्हा ती गेरूची झालेली असते, आणि खराऱ्याचा ब्रश हातात घेऊन उभा असलेला मुलगा विचारतो, 'आता परत?'