डिस्क भरत आली, म्हणून मी फायली मुद्दाम बिघडवल्या

आमच्या वाचनालयातले जुने दिवाळी अंक आणि दाखल रजिस्टरं (आलेल्या पुस्तकांच्या नोंदवह्या) यांचं स्कॅनिंग निम्म्यावर आलं, तोवर ४ टीबीची डिस्क भरत आली होती. ए-फोर आकाराचं पान ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, रंगीत स्कॅन केलं की २४८० गुणिले ३५०८ ठिपके होतात, आणि प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट. म्हणजे एका पानाची साधी टिफ (चित्र साठवायचा एक प्रकार) फाइल २६ एमबी. दोनशे पानांचा अंक पाच जीबीच्या वर जातो. नवीन डिस्कचा विषय समितीपुढे जाणार होता, म्हणजे इतक्यात काही होणार नव्हतं. संगणकाचं काम माझ्याकडे, त्यामुळे जागा करणंही माझ्याकडेच आलं.

स्कॅनिंगवाल्या मुलांचं म्हणणं सोपं होतं: सेव्हन-झिप हा फायली आवळणारा, म्हणजे कमी जागेत बसवणारा प्रोग्रॅम घ्या आणि एकेका वर्षाचे सगळे अंक एका फाइलमध्ये कोंबा. ग्रंथपाल मॅडमना ते पटेना. "सर, वाचक काउंटरवर उभा असतो. पान मागितलं की लगेच उघडलं पाहिजे. आणि वर्षभरानंतरसुद्धा उघडलं पाहिजे."

पहिल्या अटीचा निकाल लगेच लागला. सेव्हन-झिप सहसा फायली एकामागे एक जोडून सलग आवळतं. मधलं एक पान हवं असेल तर त्याच्या आधीचं सगळं उलगडत यावं लागतं. आमच्या काउंटरवरच्या पीसीवर तेवढ्यात वाचक पेपर वाचायला निघून जायचा.

दुसऱ्या अटीसाठी मी एका अंकाच्या प्रती काढल्या, त्या वेगवेगळ्या पद्धतींनी आवळल्या आणि हेक्स एडिटरमध्ये (फाइलचे बाइट थेट बदलू देणारा प्रोग्रॅम) प्रत्येकीच्या मधोमध एकच बाइट बदलला. टारने सगळी पानं एका फाइलमध्ये जोडून मग जीझिपने आवळलेल्या प्रतीत बिघाडाच्या जागेपर्यंतची पानं मिळाली, पुढची गेली. कारण त्यात पुढचा मजकूर मागच्या मजकुराच्या आधाराने लिहिलेला असतो. बीझिप-टू जास्तीत जास्त ९०० केबीचे स्वतंत्र ठोकळे करतं, म्हणून त्याच्या दुरुस्तीच्या प्रोग्रॅमने बाकीचे ठोकळे सोडवून दिले. झिप प्रत्येक फाइल वेगळी आवळतं. तिथे एकच पान गेलं, आणि कोणतं गेलं तेही सीआरसीच्या (फाइलच्या बाइटवरून काढलेला ताळ्याचा आकडा) तपासणीने सांगितलं. झिपमधल्या फायलींची यादी मात्र झिपच्या शेवटी असते. शेवट कापून पाहिला तर प्रोग्रॅमने उघडायलाच नकार दिला. दुरुस्तीचा पर्याय चालवल्यावर पानं परत आली.

खरी गंमत न आवळलेल्या टिफमध्ये झाली. एका ठिपक्याचा रंग बदलला असणार, पण मला तो डोळ्यांनी सापडलाच नाही. नुकसान सगळ्यात कमी, आणि ते कळवणारं कोणीच नाही. आवळलेली फाइल निदान बोंब तरी मारते.

इथे मला सगळा व्यवहार नीट दिसला. आवळताना आपण पुनरुक्ती काढून टाकतो, आणि बिघडलेला भाग भरून काढायला नेमकी तीच पुनरुक्ती उपयोगी पडते. म्हणून जागा वाचवायची असेल तर तिच्यातला थोडा हिस्सा हिशेबाने परत द्यायचा. पार-टू नावाचा प्रोग्रॅम हेच करतो. त्याच्यामागे चुका भरून काढणारं रीड-सोलोमनचं गणित आहे. सीडीवर ओरखडे पडले तरी गाणं वाजतं ते त्याच गणितामुळे. दहा टक्के जादा जागा दिली की साधारण तेवढा बिघाड भरून निघतो.

मधल्या काळात कोणीतरी सुचवलं, रजिस्टरांच्या पीडीएफ करून जेबिग-टू या काळ्या-पांढऱ्या पानांसाठीच्या पद्धतीने आवळा, फाइल एकदम बारीक होते. मी ठाम नाही म्हटलं. २०१३ मध्ये डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं होतं, की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रं स्कॅन करताना आकडेच बदलत होती, ६ चा ८ होत होता. सारखे दिसणारे तुकडे एकच समजायचे, ही जेबिग-टूची युक्ती, आणि त्या यंत्रांत तीच पद्धत होती. आमच्या रजिस्टरांत हाताने लिहिलेले दाखल क्रमांक आणि किमती आहेत, आणि घाईत लिहिलेले १ आणि ९ माणसालाही फसवतात. अंधूक पान परवडलं. स्वच्छ दिसणारा चुकीचा आकडा नको.

शेवटी केलं ते असं. एक पान, एक फाइल हे मोडायचं नाही. आवळायचं ते टिफच्या आतच, डिफ्लेट पद्धतीने, प्रेडिक्टर लावून, म्हणजे शेजारच्या ठिपक्याशी असलेला फरक तेवढाच लिहायचा. टिफमध्ये पानाच्या पट्ट्या पाडून प्रत्येक पट्टी स्वतंत्र आवळता येते. एखादा बाइट गेला तर एवढी पट्टीच जाते. जागा वाचली ती सेव्हन-झिपच्या जवळपासच! कारण सलग आवळण्याचा फायदा एका फाइलमधलं दुसरीत पुन्हा येत असेल तर, आणि जुन्या कागदाचे डाग काही दोन पानांवर सारखे येत नाहीत. काउंटरसाठी जेपेगच्या छोट्या प्रती वेगळ्या केल्या. त्या पुन्हा झिप करायच्या भानगडीत पडलो नाही, जेपेग आधीच आवळलेलं असतं, त्यात हाती काही लागत नाही.

मूळ टिफ पुसण्याआधी नवी फाइल उलगडून दोन्हींचे ठिपके जुळवून पाहणारी स्क्रिप्ट चालवली. हे काम कंटाळवाणं आहे, रात्र रात्र चालतं, पण ते झाल्याशिवाय एकही मूळ फाइल पुसू दिली नाही. आता दुसऱ्या डिस्कवर प्रत आहे, सोबत प्रत्येक फाइलच्या एसएचए-२५६ ची (फाइल बदलली की बदलणारा आकडा) यादी आणि पार-टूच्या फायली. महिन्यातून एकदा यादी ताडून पाहतो.

वाद उरला तो रजिस्टरांचा. शुद्ध काळ्या-पांढऱ्यात ग्रुप फोर या फॅक्ससाठीच्या आवळण्याच्या पद्धतीने ठेवली तर पान शंभर केबीच्या आसपास बसतं, ग्रेस्केलमध्ये (करड्या छटांत) न आवळता ८.७ एमबी. मी काळ्या-पांढऱ्याचा नमुना मॅडमना दाखवला. त्यांनी मूळ रजिस्टर शेजारी उघडून ठेवलं. समासात पेन्सिलीने लिहिलेलं "गहाळ" नमुन्यात कुठेच नव्हतं. रजिस्टरं ग्रेस्केलमध्येच ठेवली आहेत, आणि समितीत जागेवरून प्रश्न निघाला तर मॅडम तेच पान उघडून दाखवणार आहेत.