फुटपाथ हवा असेल तर फॉर्म ऑगस्टमध्येच भरा

दरवर्षी मार्चमध्ये महापालिकेचं अंदाजपत्रक आलं की आपल्या गल्लीच्या ग्रुपवर दोन दिवस चर्चा पेटते, उड्डाणपुलांना एवढे, नदीला एवढे, पीएमपीला (म्हणजे शहराच्या बससेवेला) एवढे, आणि आपल्या गल्लीला काय? तिसऱ्या दिवशी विषय बदलतो. मला त्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहायचंय कारण प्रश्न अगदी योग्य आहे, फक्त तो विचारायला आपल्याला सहा महिने उशीर झालेला असतो. मार्चमध्ये जे छापून येतं त्याची कच्ची यादी आधीच्या पावसाळ्यातच तयार व्हायला लागलेली असते, आणि त्या यादीत आपलं काम घालायची एक अधिकृत सोय पुण्यात २००६-०७ पासून आहे. आजूबाजूला विचारून बघा, दहातल्या आठ जणांना ती माहीतच नसते.

तर आधी ती सोय. ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास महापालिका नागरिकांकडून पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकासाठी कामं मागवते. एका पानाचा फॉर्म असतो, क्षेत्रीय कार्यालयात मिळतो आणि ऑनलाइनही भरता येतो, त्यात काम काय, जागा नेमकी कुठली, आणि तुमचं नाव-पत्ता एवढंच लिहायचं. एका कामाला ५ लाखांची मर्यादा आहे. मग त्या फॉर्मची छाननी होते, कनिष्ठ अभियंता जागा बघतो, एस्टिमेट करतो, प्रभाग समितीपुढे यादी जाते आणि तिथून ती मुख्य अंदाजपत्रकात चढते. नागरिकांनीच अंदाजपत्रकात कामं सुचवायची ही कल्पना जगात पहिल्यांदा ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ मध्ये राबवली गेली, आणि भारतात ज्या थोड्या शहरांनी ती एवढी वर्षं चालू ठेवली त्यात पुण्याचं नाव येतं. मला याचा मनापासून अभिमान वाटतो, आणि म्हणूनच ती सोय वापराविना पडून राहते तेव्हा फार वाईट वाटतं.

"अगं पण पाच लाखांत काय होतं?" असं शेजारच्या काकूंनी विचारलं. बरोबर आहे त्यांचं. २०२५-२६ चं पुणे महापालिकेचं अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचं होतं, त्याच्या आदल्या वर्षीचं ११,६०१ कोटींचं, म्हणजे पाच लाख हा त्यातला साधारण अडीच लाखावा भाग झाला. मी त्यांना म्हटलं, काकू, पाच लाखांत पूल होत नाही, पण तुम्ही रोज सकाळी ज्या तुटक्या फरशीवरून दुधाला जाता ती होते, शाळेच्या फाटकासमोरचा उंचवटा आणि पट्टे होतात, बस स्टॉपपाशी एक दिवा आणि दोन बाकडी होतात. माणूस घराबाहेर पडल्यापासून पहिल्या पाच मिनिटांत ज्या गोष्टींना अडखळतो त्या बहुतेक सगळ्या पाच लाखांच्या आतल्याच असतात. काकू त्यावर लगेच म्हणाल्या, मग माझं नाव लिही पहिलं.

आता हे पैसे येतात कुठून तेही थोडक्यात सांगते, कारण "आम्ही टॅक्स भरतो" हे वाक्य आपण म्हणतो पण बिल नीट वाचत नाही. मिळकतकराच्या बिलात एकच कर नसतो, सर्वसाधारण कर, सफाईपट्टी, अग्निशामक कर, जललाभ, मलनिःसारण लाभ कर, वृक्षकर अशा कितीतरी ओळी असतात आणि त्यातले शिक्षण कर आणि रोजगार हमी कर तर महापालिका फक्त गोळा करते, ते राज्य सरकारकडे जातात. पूर्वी जकात होती, २०१३ मध्ये ती जाऊन एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, मग २०१७ मध्ये जीएसटी आला, आणि तेव्हापासून महापालिकेच्या उत्पन्नाचा एक मोठा हिस्सा राज्याकडून येणाऱ्या जीएसटीच्या भरपाईचा आहे. उरलेल्यात मिळकतकर आणि बांधकाम परवानगीचं शुल्क हे मोठे आकडे. म्हणजे शहरात इमारती उभ्या राहिल्या की तिजोरीत पैसे येतात आणि त्याच इमारतींना पाणी, ड्रेनेज, रस्ता द्यायला तेच पैसे लागतात. खर्चाच्या बाजूला पगार आणि पेन्शन आहे, पीएमपीची तूट आहे (त्यातला ६० टक्के वाटा पुण्याचा आणि ४० टक्के पिंपरी-चिंचवडचा), मोठ्या प्रकल्पांचे हप्ते आहेत. हे सगळं बाजूला काढल्यावर जे राहतं त्यासाठी प्रत्येक प्रभाग हात पुढे करून उभा असतो.

आणि शहर केवढं वाढलंय बघा. २०१७ मध्ये ११ गावं आली, २०२१ मध्ये आणखी २३. तिथल्या लोकांनी महापालिकेत आल्यावर पाण्याची वाट बघितली. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे पेशंट सापडायला लागले तेव्हा नांदेड, किरकटवाडी, धायरी ही नावं देशभर पोचली, आणि तेव्हाच बाकीच्या पुण्याला कळलं की खडकवासला धरणाच्या एवढ्या जवळ असलेल्या या भागात विहिरीचं पाणी फक्त क्लोरीन टाकून दिलं जात होतं, शुद्धीकरण केंद्रच नव्हतं. मला हे इथे मुद्दाम लिहायचंय. आपण आपल्या फुटपाथसाठी जरूर भांडायचं, पण अंदाजपत्रकात पहिला हक्क कोणाचा असं कोणी मला विचारलं तर मी आधी त्या गावांचं पाणी म्हणीन, ड्रेनेज म्हणीन, मग शाळा आणि दवाखाने, आणि मग आपले फुटपाथ. सुशोभीकरण, कमानी, रंगीत कारंजी हे सगळ्यात शेवटी, आणि नाही झालं तरी चालेल.

मधली काही वर्षं तर फारच विचित्र गेली. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि नवी निवडणूक झाली ती थेट जानेवारी २०२६ मध्ये. एरवी आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, १६ जणांची स्थायी समिती त्यात फेरफार करते, मग मुख्य सभेत सगळ्या नगरसेवकांसमोर त्यावर चर्चा होते आणि ३१ मार्चच्या आत ते मंजूर होतं. या काळात आयुक्त हेच प्रशासक, म्हणजे मांडणारा तोच, मंजूर करणारा तोच. व्यक्ती म्हणून कोण होतं याच्याशी मला देणंघेणं नाही, अधिकारी चांगलाही असू शकतो, पण लाखो लोकांच्या शहराचं हजारो कोटींचं अंदाजपत्रक एकाही निवडून आलेल्या माणसाने उभं राहून प्रश्न न विचारता मंजूर होतं हे मला आजही पटत नाही. नगरसेवकांना आपण कितीही नावं ठेवली तरी रात्री ड्रेनेज तुंबलं की फोन त्यांनाच लावतो ना? आता ते परत आलेत. एका प्रभागात चार-चार जण आहेत, त्यामुळे कोणाकडे जायचं हा गोंधळ होणारच, माझं मत असं की चौघांनाही एकच पत्र एकाच दिवशी द्यायचं आणि चौघांच्याही पोच घ्यायच्या.

नगरसेवकांच्या कामांची एक वेगळी यादी असते, महापालिकेत तिला 'स' यादी म्हणतात. बाकडी, कापडी पिशव्या, कचऱ्याच्या बकेट, नामफलक, चांगल्या अवस्थेतले पेव्हिंग ब्लॉक उखडून परत तेच बसवणं, यातली पुष्कळ कामं त्या यादीतून होतात हे पेपरमध्ये वर्षानुवर्षं येतंय. त्याच यादीतून चांगली कामंही होतात हे मी मान्य करते, अभ्यासिका झाल्यात, विरंगुळा केंद्रं झालीत. आपण जर त्यांच्याकडे लेखी, मोजमापासकट, फोटोसकट काम घेऊन गेलो तर त्यांनाही ते यादीत घालणं सोपं जातं. नुसतं "काहीतरी करा साहेब" म्हटलं की मग बाकडी येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचा शब्द: वर्गीकरण. समजा तुमचा फुटपाथ अंदाजपत्रकात आला, छापून आला, ग्रुपवर अभिनंदनही झालं. काम झालं का? नाही. वर्षाच्या मध्यात एका कामाचे पैसे दुसऱ्या कामाकडे वळवता येतात, त्याला वर्गीकरण म्हणतात, त्याला स्थायी समितीची आणि मुख्य सभेची मंजुरी लागते, आणि विषयपत्रिकेत ती एखादी ओळ असते. ज्या कामामागे कोणी विचारणारं नाही त्या कामाचे पैसे वळवायला सगळ्यात सोपे. आणि वळवले नाहीत तरी ३१ मार्चपर्यंत टेंडर होऊन काम झालं नाही तर ती तरतूद लॅप्स होते, पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून अंदाजपत्रक आल्यावर त्या पुस्तकात आपल्या कामाची ओळ शोधून तिचा फोटो काढून ठेवायचा आणि मे-जूनमध्ये विचारायचं एस्टिमेट झालं का, दिवाळीच्या आत विचारायचं टेंडर निघालं का, वर्क ऑर्डर कोणाच्या नावाने आहे. माहिती अधिकाराचा अर्ज टाकता येतोच, त्याला ३० दिवसांची मुदत आहे, पण त्याच्याही आधी फायली थेट बघायला मिळतात का ते विचारा, राज्य सरकारने २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी सोमवारी दुपारी ३ ते ५ तशी सोय ठेवायचा आदेश काढला होता. फाइल शांतपणे मागा, वाचा, आणि कुठल्या टेबलावर अडलीय ते लिहून घ्या.

माझी आत्तेबहीण गावाकडे राहते. तिच्याकडे १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी अशा ग्रामसभा होतात, ती उभी राहून सरपंचांना विचारते, भाऊ, पाणीपुरवठ्याचे पैसे कशात गेले ते वाचून दाखवा. कधी उत्तर मिळतं कधी मिळत नाही, पण विचारायला जागा आहे आणि ती कायद्याने आहे. आपल्याला शहरात ती जागा नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने ३ लाखांच्या वरच्या शहरांना वॉर्ड समित्या दिल्या खऱ्या, पण आपल्याकडे एकेका समितीखाली एवढी मोठी वस्ती येते की तिथे साधा माणूस पोचत नाही. २००९ मध्ये महाराष्ट्राच्या कायद्यात क्षेत्रसभा आल्या, चार-दोन मतदान केंद्रांच्या मतदारांनी एकत्र बसायचं अशी ती कल्पना, किती सुंदर कल्पना आहे! आपल्या भागात मी ती भरलेली अजून पाहिलेली नाही. नव्या नगरसेवकांकडे मला सगळ्यात आधी हेच मागायचंय, फुटपाथच्याही आधी.

बरं, आता आपल्या गल्लीच्या बातम्या, कारण हे सगळं लिहायचं कारण तेच आहे.

मागच्या आठवड्यात ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये आपण जमलो होतो, त्यात ठरलं की या वर्षी फॉर्म एकेकट्याने न भरता वाटून घेऊन भरायचे. एकाच कामाचे पन्नास फॉर्म टाकण्यापेक्षा रस्त्याचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याचा वेगळा फॉर्म द्यायचा, म्हणजे पाच लाखांची मर्यादा आड येत नाही. अंगणवाडीच्या ताईंनी दारासमोरच्या उघड्या गटारावर झाकण मागितलंय, मंडळाच्या मुलांनी स्वतःहून सांगितलं की मांडवासाठी रस्त्यात जे खड्डे होतात ते विसर्जनानंतर आम्ही बुजवू आणि ते काम यादीत नको, मला फार बरं वाटलं ते ऐकून. वाचनालयाच्या जिन्याला कठडा हवाय. रिक्षा स्टँडवाल्या दादांनी दिव्याचं काम सुचवलं, संध्याकाळी क्लासहून येणाऱ्या मुली त्या कोपऱ्यावरून पळत जातात असं ते म्हणाले, त्यांच्याइतकं हे कोणी रोज बघत नाही. ते काम मी पहिल्या नंबरला घातलंय, कोणाची हरकत असेल तर सांगा.

फुटपाथचं मात्र मोजमाप लागेल. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे फुटपाथवर चालायला कमीत कमी १.८ मीटर मोकळी जागा हवी, म्हणजे समोरासमोरून दोन व्हीलचेअर जाऊ शकतील एवढी, आणि उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. आपल्याकडे काही ठिकाणी पायरी गुडघ्यापर्यंत येते, आजी-आजोबा चढतच नाहीत, रस्त्यावरूनच चालतात. पुणे महापालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण मंजूर केलंय, ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद करून पादचारी दिनही साजरा होतो, तेव्हा अर्जात या धोरणाचा उल्लेख करून आकडे लिहिले की अभियंत्यालाही वर मांडायला आधार मिळतो.

रविवारी सकाळी साडेसातला दत्तमंदिरापाशी जमू, पाऊस असला तरी. शाळेच्या बाजूने सुरुवात करू आणि बस स्टॉपपर्यंत जाऊ, दर वीस पावलांवर रुंदी आणि उंची मोजायची, झाड, विजेची डीपी, खांब, पार्किंग जे आड येतं ते लिहायचं. फोटो काढताना माणसांचे चेहरे आणि गाड्यांचे नंबर नकोत. ज्यांच्याकडे मोठी मोजपट्टी आहे त्यांनी आणा, माझ्याकडची तीन मीटरचीच आहे. झेरॉक्सवाले दादा फॉर्मच्या प्रती काढून ठेवणार आहेत, त्यांच्याकडून शनिवारीच घेऊन जा.