शेजारची खोली पुरत नाही, यादी लागते

प्राथमिक दवाखान्यात मानसिक आरोग्याची सेवा आणायची म्हटलं की बहुतेकांना पहिलं हेच सुचतं: डॉक्टरांच्या शेजारच्या खोलीत एक समुपदेशक बसवायचा. दारावर पाटी लागते, काम सुरू होतं. सहा महिन्यांनी समुपदेशकाची वही भरलेली असते, पण त्यातले बरे किती झाले हे विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही. एकदा येऊन गेलेला रुग्ण परत आला नाही, हेही कुणाच्या लक्षात आलेलं नसतं.

नैराश्याचे बहुतेक रुग्ण इथेच निसटतात. अमेरिकेत झालेल्या 'इम्पॅक्ट' या अभ्यासात साठीपुढचे १,८०१ रुग्ण होते. २००२ साली त्याचे निष्कर्ष आले. पाठपुराव्याची शिस्त असलेल्या गटात बारा महिन्यांनी ४५ टक्के लोकांची लक्षणं निम्म्याने किंवा त्याहून जास्त कमी झाली होती, नेहमीच्या उपचारांच्या गटात १९ टक्के लोकांची. नेहमीच्या गटालाही औषधं आणि तज्ज्ञ खुले होते. म्हणून माझ्या मते तिथला खरा धडा पाठपुराव्याचा आहे.

त्यासाठी लागते एक यादी. साधी संगणकावरची तक्ता-फाइल चालते. नाव, उपचार सुरू झाल्याची तारीख, लक्षणांच्या प्रश्नावलीतले पहिले गुण, ताजे गुण, औषध आणि मात्रा, शेवटचं बोलणं कधी झालं, पुढचं कधी. ती सांभाळायला एक समन्वयक हवा. नर्स, समाजसेवक, समुपदेशक, कुणीही प्रशिक्षित चालेल. रुग्ण गुंतागुंतीचे असतील तर पन्नास-साठ नावांवर थांबावं. त्यापुढे सगळ्यात आधी बंद पडतात ते फोन.

गुण मोजायला पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली सोयीची आहे. मागच्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २७. दहा किंवा जास्त आले की नीट तपासणी करायची. नुसत्या गुणांवर निदान करायचं नाही. कागद रांगेत हातात दिला की सोबत आलेला नातेवाईकच उत्तरं भरून टाकतो, किंवा रुग्ण शेजारच्याला दिसेल म्हणून सगळीकडे शून्य लिहितो. प्रश्न आडोशाला, एकट्याला, गरज असेल तर वाचून दाखवून विचारावेत. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याव्यतिरिक्त काहीही आलं तर रुग्ण दवाखान्यातून बाहेर पडायच्या आत कुणीतरी त्याच्याशी थेट बोललंच पाहिजे. ते कुणी बोलायचं हे ठरलेलं नसेल तर प्रश्नावली वाटायला सुरुवातच करू नये. विचारल्याने असा विचार डोक्यात येतो ही भीती निराधार आहे.

समन्वयकाकडे पाठवताना चिठ्ठी देऊ नका. डॉक्टरांनी उठून, रुग्णाला सोबत नेऊन ओळख करून द्यावी. दोन मिनिटं जातात, पण पुढच्या तारखेची चिठ्ठी घेऊन गेलेला माणूस पुष्कळदा येतच नाही.

औषधाआधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन पाहावं. आणि एक प्रश्न हमखास विचारावा: सलग काही दिवस झोपेची गरजच वाटली नाही, अंगात प्रचंड उत्साह, बोलणं थांबेना, पैसे उधळले, असं कधी झालं होतं का? हे सुटलं आणि आजार द्विध्रुवी (कधी नैराश्य, कधी उन्माद असा) निघाला, तर नुसत्या नैराश्याच्या गोळीने उन्माद उफाळू शकतो.

सर्ट्रालीन हे नैराश्यावरचं औषध बऱ्याचदा २५ मिलिग्रॅमने सुरू करून आठवड्याने ५० करतात. मळमळ, पातळ शौच, अस्वस्थपणा पहिल्या काही दिवसांत होतो. बरं वाटायला मात्र दोन ते सहा आठवडे लागतात. त्रास आधी, फायदा नंतर. साहजिकच माणूस दहाव्या दिवशी गोळी सोडतो. म्हणून पहिला फोन पहिल्या आठवड्यातच करायचा, महिनाभराने नाही. वयस्कांमध्ये रक्तातलं सोडियम उतरू शकतं, आणि आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकासोबत रक्तस्रावाचा धोका वाढतो. दुसरीकडे, नैराश्यासाठी म्हणून अमिट्रिप्टिलीन १० मिलिग्रॅमवर वर्षानुवर्षं ठेवलेले रुग्ण असतात. ती मात्रा दुखण्यासाठी ठीक, नैराश्याला पुरत नाही. आणि झोपेची गोळी 'तात्पुरती' म्हणून सुरू होऊन महिनोन् महिने चालू राहते, ती वेगळीच.

गोळीशिवायचं कामही समन्वयक करू शकतो. 'बरं वाटलं की फिरायला जाईन' हा क्रम उलटा करायचा. आधी कृती. मंगळवारी संध्याकाळी सहाला दहा मिनिटं चालणं, इतकं नेमकं आणि इतकं छोटं. 'जरा मन रमवा' या सल्ल्याने काही होत नाही.

आठवड्यातून एक तास मानसोपचारतज्ज्ञ, फोनवरही चालेल, समन्वयकासोबत यादी पाहतो. रुग्ण नव्हे, यादी. तासाभरात सहा-आठ नावं होतात. सुरुवात ताज्या गुणांनी लावलेल्या क्रमाने करावी, नाहीतर सगळा वेळ एका विलक्षण केसवर जातो आणि आठ आठवडे झाले तरी गुण १८ वरच अडकलेला गप्प माणूस तसाच राहतो. आठ ते बारा आठवड्यांत गुण निम्म्यावर आले नाहीत तर काहीतरी बदलायचंच: मात्रा, औषध, बोलण्याची पद्धत किंवा मुळात निदान. तज्ज्ञ सुचवतो, लिहून देतात प्राथमिक डॉक्टर. उन्माद, भ्रम-भास किंवा आत्महत्येचा ठरवलेला बेत असेल तर मात्र आठवड्याच्या बैठकीची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी तज्ज्ञाकडे.

हा तास आणि हे फोन यांचे पैसे कोण देणार, हे आधी ठरवा. पैसे फक्त समोर बसलेल्या रुग्णामागे मिळत असतील, तर कामाच्या गर्दीत पहिल्यांदा रद्द होते ती हीच बैठक.

गुण पाचच्या खाली आले म्हणून लगेच नाव काढू नये. दोन-तीन महिने ते तिथेच टिकले की रुग्णासोबत बसून एका पानावर लिहायचं: त्याची सुरुवातीची लक्षणं कोणती होती, कशाने फरक पडला, गोळी कधीपर्यंत (बरं वाटल्यावर निदान सहा ते नऊ महिने, मग हळूहळू कमी), आणि पुन्हा तसंच वाटू लागलं तर फोन कुणाला. ते पान त्याच्याकडे, प्रत फाइलमध्ये, आणि मगच नाव यादीतून बाहेर.