सातबाऱ्यावरची वेलांटी

चौदा वर्षांत मी घरी नऊ वेळा आले, आणि नऊही वेळा डिसेंबरात. नाताळची सुट्टी असते, स्टुटगार्टमधलं ऑफिस बंद, मुलाची शाळा बंद, रजा मागावी लागत नाही. डिसेंबरात आमचं चिपळूणजवळचं घर पाहुण्यांसाठी सज्ज असतं. भात कणगीत पडलेलं, अंगण सारवलेलं, आईला बोलायला वेळ. मला वाटायचं, घर बारा महिने असंच असतं.

२०२४ मध्ये मात्र वर्षाची, कामाच्या तीस दिवसांची रजा एकगठ्ठा घेतली आणि दसऱ्याच्या दोन दिवस आधी मांडवी एक्स्प्रेसने चिपळूणला उतरले. नवरा आणि मुलगा तिकडेच राहिले. विचारणाऱ्यांना मी सांगत होते, ‘वारसनोंद करायची आहे.’ ते खरंच होतं, पण अर्धंच.

बाबा मे २०२१ मध्ये गेले. मी त्यांना शेवटचं फोनच्या पडद्यावर पाहिलं. दादाने हात उंच करून फोन धरला होता आणि तो हात थरथरत होता. पुढच्या वर्षी दादाने व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ पाठवली. वर मथळा होता ‘हक्कसोडपत्र’ आणि खाली एक ओळ, ‘वाचून सांग.’ मी वाचलं आणि सांगितलं नाही. त्यानंतर आमचे फोन दोन-दोन मिनिटांचे झाले. आईची तब्येत, पाऊस, मुलाचा अभ्यास. भांडण झालं असतं तर बरं, असं वाटण्याइतके ते फोन नीट असायचे.

दादा स्टेशनवर आला होता. बॅग उचलताना म्हणाला, “लोळलंय सगळं.” मला आधी कळेना. मग कळलं, भात.

परतीचा पाऊस. हे मी डिसेंबरातून कधी पाहिलंच नव्हतं. हळवं भात, म्हणजे लवकर पिकणारं (उशिरा पिकतं ते गरवं), दसऱ्याच्या सुमारास पिवळं होऊन उभं असतं आणि नेमका तेव्हाच दुपारी चार वाजता पाऊस येतो. आडवं झालेलं भात पाण्यात राहिलं की लोंबीलाच कोंब फुटतात. म्हणून सकाळचं ऊन मिळेल तेवढ्यात कापायचं, पसरायचं, पेंढ्या बांधायच्या आणि ढग दिसले की भारे डोक्यावर घेऊन पडवीत पळायचं. गडी मिळत नाहीत. दुसऱ्या दिवशी वहिनींनी माझ्याकडे एक जुना सदरा टाकला. “ताई, हा घाला. तुमचे ते कपडे कुसळांनी खराब होतील.”

पहिल्या दिवशी मी तीन ओळी कापल्या आणि करंगळी. ‘वैभव’ नावाच्या विळ्याला दाते असतात, तो आपल्याकडे ओढायचा असतो. मी कोयत्यासारखा मारत होते. दादा लांबून बघत होता, बोलला नाही. संध्याकाळी त्याने माझ्या हातातून विळा घेतला, एकदाच सावकाश कापून दाखवलं आणि परत दिला. लहानपणी सायकल शिकवली होती ती अशीच, न बोलता.

आता कागदांचं सांगते. परदेशातून येऊन हे करू पाहणाऱ्यांना उपयोग होईल.

वारसनोंदीला सरकारी फी नाही. अर्ज, मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावं-पत्ते असलेलं घोषणापत्र, रेशनकार्ड आणि ओळखपत्रांच्या प्रती एवढं तलाठ्याकडे द्यायचं. तलाठी ती नोंद आधी गाव नमुना ६-क मध्ये, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत घेतात. गावात चौकशी होते, जबाब होतात. मंडळ अधिकाऱ्यांनी वारस ठरवले की मग फेरफार, म्हणजे नाव बदलाची नोंद, पडतो, त्याची नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबायचं. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मगच सातबाऱ्यावर नाव चढतं. वाचायला हे एका परिच्छेदात मावतं. प्रत्यक्षात माझी अख्खी रजा त्यात मावली नाही.

सोमवारी, १४ ऑक्टोबरला आम्ही दोघं तलाठी कार्यालयात गेलो. पहिली अडचण माझं नाव. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं, आणि पासपोर्ट जर्मन. मी २०२० साली तिकडचं नागरिकत्व घेतलं तेव्हा भारतीय पासपोर्ट परत करावा लागला; आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. बाकावर बसलेल्या एका गृहस्थाने न विचारता निकाल दिला, “मग यांचा हक्क गेला.” गेलेला नाही. ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं त्या कार्डावर, शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारशाने मिळते. दोन्ही नावं एकाच बाईची, एवढं लिहून द्यावं लागलं. आम्ही ते करायला बाहेर पडलो, ‘उद्या या’ हे ऐकून.

उद्या म्हणजे १५ तारीख. त्या दिवशी विधानसभेची निवडणूक जाहीर झाली, आचारसंहिता लागली आणि २० नोव्हेंबरच्या मतदानाच्या तयारीला महसूलची सगळी माणसं जुंपली गेली. त्यात १६ तारखेपासून शंभराचा स्टॅम्प पाचशेचा झाला. मुद्रांकवाल्याने पाचशे मागितले. तलाठ्याने कागद बघून सांगितलं की साध्या कागदावरही चाललं असतं. दादा हसला. मी आल्यापासून पहिल्यांदा.

त्याच रात्री कोजागिरी. आमच्याकडे ती नव्याची पुनव. नव्या भाताची लोंबी, नाचणीचं कणीस, आंब्याचं पान, कुरडूचं फूल, झेंडू असं ‘नवं’ बांधून दाराला, कणगीला, तुळशीला लावतात. पूर्वी बाबा गाडीलाही लावायचे आणि शाळेच्या कपाटालाही. ते प्राथमिक शाळेत मास्तर होते, ऱ्हस्वदीर्घाच्या बाबतीत कडक. त्या वर्षी बांधायला दादा बसला आणि मी एकेक काडी हातात देत होते. आत्या चांदण्यात वाल सोलत बसली होती. म्हणाली, “काय ते नोंदीचं चाललंय तुमचं? बहिणीने साडीचोळी घ्यावी नि गप बसावं.”

मी काही बोलणार तेवढ्यात तीच पुढे म्हणाली, “मला कुणी विचारलं पण नव्हतं. चावडीवर नेलं नि अंगठा घेतला. मला सही येत होती.”

कुणीच काही बोललं नाही. वालाची सालं पडत राहिली. महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा हक्क १९९४ मध्ये दिला, केंद्राने २००५ मध्ये, आणि तो कायदा लागू झाला त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं. आत्याचा अंगठा या सगळ्याच्या आधीचा. मी हे पाठ करून आले होते, विमानात घोकलं होतं, दादाशी वाद झाला तर सांगायला. त्या रात्री ते कुणाला सांगायचं हेच कळेना.

दादाशी बोलणं झालं ते तलाठी कार्यालयाच्या बाकावर, कितव्या तरी खेपेला. आतल्या कारकुनाने विचारलं होतं, “बाबा एकवीसला वारले, मग एवढे दिवस काय केलंत? तीन महिन्यांत कळवायचं असतं.” बाहेर आल्यावर मी पहिल्यांदा सरळ विचारलं, “ती पीडीएफ कुणी लिहिली होती?”

२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा दादाचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान छतापर्यंत बुडालं, हे मला माहीत होतं. त्याच्या आठवडाभर आधी जर्मनीत आर नदीला भयानक पूर आला होता, आणि दादाने मला घाबरून फोन केला होता: तू वर राहतेस की खाली? मी त्याला सांगितलं की ते आमच्यापासून खूप लांब आहे. नंतर त्याच्याकडे पाणी आलं, तेव्हा मी पैसे पाठवते म्हणाले. तो नको म्हणाला, आणि मी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

हे माहीत नव्हतं की तो कर्जासाठी फिरत होता. जमीन तारण म्हणून चालेल का, असं विचारल्यावर त्याला सांगण्यात आलं की सातबाऱ्यावर मयताचं नाव आहे, ते चालणार नाही. कागदपत्रं करून देणाऱ्या एका माणसाने सल्ला दिला, बहिणीचं हक्कसोड घेऊन टाका, ती परदेशात, सह्यांना कुठे बोलावत बसणार, एकदाच काय ते मिटेल. मसुदाही त्यानेच दिला. दादाने तो पुढे पाठवला.

“मग फोन करून सांगायचं ना.”

“काय सांगणार? दुकान बुडालं म्हणून तुझं नाव काढतोय?”

“आणि मी उत्तर दिलं नाही तेव्हा?”

“तेव्हा वाटलं, तुला राग आलाय. बरोबरच आहे म्हटलं.”

दुकान त्याने वहिनींचे दागिने ठेवून उभं केलं होतं. मला हे अडीच वर्षं कुणी सांगितलं नव्हतं, आईनेसुद्धा. मी चिडले. खरंच चिडले, बाकावरच, लोकांसमोर. तो म्हणाला, “हळू बोल.” मी म्हटलं, “नाही बोलणार हळू.” परत येताना आम्ही गाडीवर एक शब्द बोललो नाही, पण ते अडीच वर्षांतलं न बोलणं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी त्याला तिथेच सांगितली: हक्क सोडणार नाही. पीक त्याचं, कसणं त्याचं, मला एक पायली नको. पण नाव राहील. तो ‘बरं’ म्हणाला. त्याच्या मनात काय आलं ते मला आजही पूर्ण ठाऊक नाही. माझ्यानंतर माझा जर्मन बोलणारा मुलगा या जमिनीचं काय करेल, हे त्याने विचारलं नाही आणि मलाही उत्तर नव्हतं.

२७ ऑक्टोबरला तिकडची घड्याळं तासभर मागे गेली आणि मुलगा फोनवर येईपर्यंत इथे जेवणं उरकायला लागली. भात खळ्यावर आलं होतं. पेंढी दोन्ही हातांनी डोक्यामागे न्यायची आणि फळीवर आपटायची. खांदे असे दुखतात की केस विंचरताना हात वर होत नाही. लोळलेल्या तुकड्यातलं बरंच काळं पडलं होतं. झोडणीला शेजारघरचे आले, मग त्यांच्याकडे आम्ही गेलो. तिथे चहा देताना कुणीही ‘कधी आलीस, कधी जाणार’ असं विचारलं नाही. डिसेंबरात पहिला प्रश्न हाच असतो.

नरकचतुर्दशीला पहाटे आंघोळी झाल्यावर तुळशीपाशी कारीट फोडायचं. माझं नेहमी निसटायचं; दादाने माझ्या अंगठ्याखाली दगडाला टेकवून धरलं. मग पोहे: दुधाचे, गुळाचे, दडपे. भाऊबीजेला त्याने ताटात पाकीट घातलं, आणि आत्या मोठ्याने म्हणाली, “साडी नाही का?” वहिनी हसून हसून उठून गेल्या.

नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांची हयातीची सही असते. आईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, म्हणून तिला बँकेत नेलं. यादीत आपलं नाव शोधून सही करताना ती म्हणाली, “मी जिवंत आहे हे दरवर्षी मीच सांगायचं. बाबांचं मात्र अजून सातबाऱ्यावर तसंच.” माझा जबाब, दादाचा जबाब, आईची सही, गावातल्या पंचांची विचारपूस हे सगळं दिवाळीच्या पुढेमागे पार पडलं आणि फेरफार पडला. नोटीस चावडीवर लागली. हितसंबंधी म्हणून माझ्या नावाचीही एक निघाली होती. ती मी स्वतःच स्वतःसाठी सही करून घेतली. पंधरा दिवस पुरे व्हायच्या आत, १७ नोव्हेंबरला, माझं विमान होतं.

निघताना सामानात नव्या भाताचे तांदूळ न्यायचे होते, पण ते तिकडे कस्टममध्ये चालतील की नाही याची खात्री नव्हती, म्हणून मी नको म्हटलं. आईला पटलं नाही. तिने आपलं ‘नवं’च दारावरून काढून माझ्या वहीत दडपलं, तेही चालत नसावं.

जानेवारीत एका रविवारी दादाने डिजिटल सातबारा काढून पाठवला. बाबांच्या नावाला कंस झाला होता, म्हणजे ते कमी झालं होतं, आणि खाली आईचं, त्याचं आणि माझं नाव होतं. मी पडदा मोठा करून बघितला. ‘निलिमा’. पहिली वेलांटी.

मी लिहिलं, “नी दीर्घ पाहिजे. बाबांनी मारलं असतं.”

बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. मग आलं: “हस्तदोष आहे. कलम १५५चा अर्ज करावा लागतो तहसीलदारांकडे. गरव्याच्या कापणीला ये, तेव्हा करू. विळ्याला धार लावून ठेवतो.”