आमची वाटचाल : आर्वीच्या दोन खोल्यांतून

आर्वीत दोन खोल्या भाड्याने घेऊन मी लहान मुलांचं फिजिओथेरपी केंद्र सुरू केलं, तेव्हा लोक मला मालिशवाली समजायचे. "मॅडम, लेकरू चालन का हो?" हा पहिला प्रश्न. आजही तोच असतो.

सुरुवातीला माझं चुकलं. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवर ताबा न राहिलेल्या मुलांना मी रोज बोलवायचे. कापसाची वेचणी लागली की खोल्या ओस पडायच्या आणि मला आयांचा राग यायचा. शेवटी एकीने हिशेब मांडला : एसटीचं भाडं, वर बुडालेली मजुरी. तेव्हापासून आठवड्यातून 1 दिवस केंद्रात आणि 6 दिवस घरी, असं ठरलं.

तिचं पोरगं अडीच वर्षांचं होतं. पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले. ती त्याला पाय जुळवून छातीशी धरायची, त्याने ते आणखी ताठरायचे. मी हळूच गुडघे वाकवले, मांड्या फाकवल्या आणि त्याला तिच्या कडेवर बसवलं. एक पाय पोटाकडे, एक पाठीकडे. थोड्या वेळात मांड्या सैलावल्या. ती हाताने चाचपून बघत राहिली. मग घरच्याच कापसाचा तिने घट्ट लोड शिवला. त्यावर पालथं घालून समोर वाटी वाजवली की पोरगं मान उचलायचं.

मेंदूला झालेली इजा व्यायामाने भरून निघत नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगते. पण सांधे आखडू न देणं, बसणं, हाताने घास घेणं यावर खूप काम करता येतं, आणि जितकं लवकर याल तितकं बरं. 9 महिन्यांचं बाळ आधाराशिवाय बसत नसेल, 18 महिन्यांचं चालत नसेल, तर दाखवाच. "त्याचा बाप बी उशिराच चालला" म्हणत थांबू नका.

जन्मतः वाकड्या पावलांचं प्लास्टर दवाखान्यात होतं. नंतरच्या बुटांचा पाठपुरावा आम्ही करतो. पाऊल सरळ दिसलं की बूट माळ्यावर जातात आणि पाऊल पुन्हा वळतं. म्हणून साधारण 4 वर्षांचं होईपर्यंत रात्री ते घालायचेच.

अलीकडे कबड्डी खेळणारी 13-14 वर्षांची मुलंही येतात, गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं म्हणून. या वयात हाडं झपाट्याने वाढतात आणि मांडीच्या स्नायूंचा ताण तिथल्या कोवळ्या हाडावर येतो. खेळ सोडायला लावत नाही. काही दिवस उड्या कमी आणि मांडीचे व्यायाम.

हिशेब मांडणाऱ्या त्या आईचा मुलगा आता वॉकर धरून शाळेच्या फाटकापर्यंत जातो. त्याचा लोड आमच्या केंद्रात असतो, यंदा त्यात नवा कापूस भरला.