मधूनच येणारा ५०२

आजचा दिवस मधूनच उगवणाऱ्या ५०२ मध्ये (मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर न मिळाल्याची वेब एरर) गेला. पणजी-पर्वरीकडे बॅकएंड करणाऱ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

नोड २० (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं नोड.जेएस) चा कीपअलाइव्ह टाइमआउट, म्हणजे रिकामं कनेक्शन उघडं ठेवायची मुदत, मुळात ५ सेकंद असतो; येणाऱ्या रिक्वेस्ट सर्व्हरांकडे वाटणाऱ्या ॲमेझॉनच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरची तशीच मुदत, आयडल टाइमआउट, ६० सेकंद. नोड कनेक्शन बंद करायला घेतो, नेमकं तेव्हाच बॅलन्सर त्यावर नवी रिक्वेस्ट टाकतो. ॲपचा लॉग मात्र कोरा, कारण रिक्वेस्ट कोडपर्यंत पोचलेलीच नसते. बॅलन्सरच्या लॉगमध्ये बघा: त्याचा स्टेटस ५०२ आणि टार्गेटच्या (म्हणजे आपल्या नोड सर्व्हरच्या) स्टेटसच्या जागी नुसती आडवी रेघ.

लोड टेस्टमध्ये हे सहसा सापडत नाही. तिथे कनेक्शन रिकामं बसतच नाही. ट्रॅफिक विरळ असताना, म्हणजे आपल्याकडे दुपारी सगळे आडवे झालेले असतात तेव्हा, हमखास. बॅलन्सरमधूनच दर पाच सेकंदांनी एक रिक्वेस्ट लूपमध्ये सोडत राहा, कधीतरी पकडला जातोच.

उपाय: नोडमध्ये कीपअलाइव्ह टाइमआउट ६५०००, हेडर्स टाइमआउट (रिक्वेस्टचे हेडर्स पूर्ण यायची मुदत) ६६०००. आकडे मिलिसेकंदांत! नुसतं ६५ लिहिलंत तर दुखणं आणखी वाढेल. आणि घाईत सरसकट रिट्राय (फसलेली रिक्वेस्ट आपोआप पुन्हा पाठवणं) लावू नका, पेमेंटची पोस्ट रिक्वेस्ट दोनदा गेली तर निस्तरणं भारी पडतं.

जाता जाता: पावसात लाईट गेली की राउटर बंद आणि एसएसएच (सर्व्हरवर दुरून काम करायचं कनेक्शन) तुटतं. डेटाबेसचं मायग्रेशन टीमक्समध्येच (कनेक्शन तुटलं तरी सर्व्हरवरचं काम चालू ठेवणारं साधन) चालवा.