उजवीकडून हिब्रू, डावीकडून मराठी

तुम्ही विचारलंत म्हणून लिहायला बसले. शाळेत मराठी शिकवत होते तेव्हा वर्षातून एकदा तरी हा प्रश्न यायचाच, कधी नव्या शिक्षकांकडून, कधी पालकसभेत, कधी एखाद्या धीट मुलीकडून. "बाई, तुम्ही ज्यू ना? मग तुमचं साहित्य हिब्रूत असेल. मराठीत तुमचं असं काय आहे?" आडनावाच्या शेवटी 'कर', घरातली भाषा मराठी, शिकवायचा विषयही मराठी आणि धर्म ज्यू, याचा मेळ लोकांना लागत नाही. विचारतात ते आपुलकीनं, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं.

विचारणाऱ्याच्या मनात ज्यू साहित्य म्हणजे काय असतं, हेही मला आता ओळखू येतं. त्यांनी अ‍ॅन फ्रँकची डायरी वाचलेली असते, छळछावण्यांवरचं काहीतरी वाचलेलं असतं. मीही वाचलंय, आणि ते वाचून कित्येक रात्री मला झोप लागलेली नाही. पण ते युरोपातल्या ज्यूंचं आहे. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले. आमच्या मागे इथं कुणी लागलं नाही, आम्हाला कुणी गावाबाहेर काढलं नाही. त्यामुळे आमच्या लिहिण्यात पळापळ नाही, लपणं नाही. आमचं ज्यू असणं कागदावर आलं ते भाषांतरं करताना, कीर्तनं रचताना, सणांना नावं देताना. आणि हे सगळं मराठीत झालं.

सुरुवातीला तर आमच्याकडे पुस्तकच नव्हतं. परंपरेनं सांगतात ते असं: अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, बाकीचं सगळं पाण्यात गेलं. धर्माची पुस्तकंही गेली. वाचलेल्यांनी कोकणातल्या गावागावांत तेलाचे घाणे घातले आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. गावांवरून आडनावं पडली. किहीमचे किहीमकर, अष्टमीचे अष्टमकर, राजपुरीचे राजपूरकर, दिवे आगरचे दिवेकर. हिब्रू जवळजवळ विसरली गेली. तोंडात एकच ओळ शिल्लक राहिली, 'शेमा इस्राएल', देव एकच आहे असं सांगणारी. सुंतेला तीच, लग्नात तीच, माणूस गेला तरी तीच.

पुस्तक नसताना लोकांनी सण कसे लक्षात ठेवले, हे मला आमच्या साहित्याचं पहिलं पान वाटतं. जुनी नावं बघा. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. योम किप्पूर, म्हणजे कडक उपासाचा आणि क्षमायाचनेचा दिवस, त्याला म्हणायचे दारफळणीचा सण, कारण त्या दिवशी दारं लावून घरात बसायचं, कुणाला शिवायचं नाही. पेसाख, म्हणजे मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून सुटल्याचा सण, त्यात आंबवलेलं काही चालत नाही, तर त्याचं नाव अनाशी ढाकाचा सण, आंबट पदार्थाचं भांडं झाकून ठेवायचा. आणि यरुशलेमचं मंदिर पडलं त्या शोकाच्या उपासाला नाव होतं बिरड्याचा रोजा. उपासाच्या जेवणात वालाचं बिरडं असायचं म्हणून. हजारो मैलांवरचं एक मंदिर पडल्याचं दुःख, त्याची तारीख, त्याचं कारण हे सगळं विसरलं गेलं असतं, पण भिजवलेले वाल सोलणाऱ्या बायांच्या बोटांनी ते धरून ठेवलं. शेजारच्या मुसलमानांचा 'रोजा' आणि कोकणातलं 'बिरडं', या दोन शब्दांत एका ज्यू उपासाची आठवण टिकली. माझी आजी वाल सोलताना हे नाव घ्यायची तेव्हा मला ते फक्त जेवणाचं नाव वाटायचं.

छापलेलं पुस्तक आलं एकोणिसाव्या शतकात. कोचीनच्या ज्यूंमधले शिक्षक आले, आणि मुंबईत मिशनरी होतेच. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. आमच्या लोकांनी ख्रिस्ती व्हावं अशी मिशनऱ्यांची इच्छा होती. धर्म बदलणारे फारच थोडे निघाले, पण शिकणारे पुष्कळ निघाले. मिशनऱ्यांच्या शाळांत हिब्रू शिकून, त्यांनी मराठीत आणलेला जुना करार वाचून आमचे लोक अधिक पक्के ज्यू झाले. या शाळांबद्दल मला कृतज्ञता वाटते, आणि शिकून आपल्याच वाटेनं चाललेल्या त्या मुलांबद्दल त्याहून जास्त.

मग 1846 मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह हगादा छापला गेला. हगादा म्हणजे पेसाखच्या रात्री जेवणाआधी आणि जेवणानंतर घरात वाचायचं पुस्तक, मिसरातल्या गुलामीतून सुटल्याची कथा. सिनेगॉगमधलं, म्हणजे आमच्या प्रार्थनामंदिरातलं पुस्तक मोठी माणसं वाचतात. हगादा घरात, पोराबाळांसमोर, ताटांच्या मधोमध उघडला जातो आणि घरातलं सगळ्यात लहान मूल त्यातले प्रश्न विचारतं. मुलाला कळेल अशा भाषेत तो असावा, ही गरज आधी भागवली गेली यात नवल नाही.

1874 मध्ये पुण्यात आणखी एक हगादा निघाला, चित्रांसकट. त्यातलं एक चित्र मी छायाचित्रात पाहिलंय आणि ते डोळ्यांसमोरून जात नाही. साड्या नेसलेल्या बाया जमिनीवर बसून मात्सा करताहेत. मात्सा म्हणजे पेसाखची बिनखमिराची भाकरी. मिसरातून घाईघाईनं निघालेल्या लोकांची आठवण म्हणून ती करायची, आणि ती करणाऱ्या बाया चित्रात अगदी माझ्या आजीसारख्या बसल्या आहेत, भाकरी थापायला बसावं तशा. चित्रकाराला कुणी सांगितलं असेल का की आमच्या बाया अशा दाखवा? की त्याला दुसऱ्या बाया ठाऊकच नव्हत्या? काहीही असो, त्या पानावर मिसर आणि महाराष्ट्र यांच्यामध्ये भिंत नाही.

आमच्या घरचा हगादा बराच नंतरचा. काळ्या मनुका भिजवून केलेल्या सरबताचे डाग त्यावर पडलेले, कारण आमच्याकडे सणाला वाइनच्या जागी तेच असतं. ज्या पानावर मिसरावरच्या दहा पीडा आहेत ते पान सगळ्यात जांभळं. एकेका पीडेचं नाव घेताना एकेक थेंब सांडायचा, तो कधी बशीत पडायचा, कधी पानावर. या पुस्तकात हिब्रू ओळ उजवीकडून सुरू होते, मराठी डावीकडून. लहानपणी मला वाटायचं की दोघी एकमेकींना भेटायला निघाल्यात. आजोबा उजवीकडची बाजू मोठ्यानं म्हणायचे, त्यातलं त्यांना थोडंफार कळायचं. मग आजी डावीकडची बाजू वाचायची आणि ते आम्हाला सगळ्यांना कळायचं. समुद्र दुभंगायचा तो तिच्या बाजूला.

पेसाखला मराठी बायबलात 'वल्हांडण' म्हणतात. वल्हांडणं म्हणजे ओलांडून जाणं, मृत्यूचा दूत इस्राएलांची घरं ओलांडून पुढे गेला म्हणून. आजी पेसाखच म्हणायची, पण हा शब्द तिला ठाऊक होता आणि तो तिला आवडायचा. वर्गात मी तो फळ्यावर लिहून मुलांना विचारायची, यात तुम्हाला ओळखीचं काय दिसतं? कुणीतरी हमखास 'ओलांडणं' म्हणायचं.

या भाषांतरांमागचं एक नाव मला मुद्दाम सांगायचंय, जोसेफ इझिकेल राजपूरकर. जन्म 1834, मृत्यू 1905. मुंबईतल्या डेव्हिड ससून शाळेचे ते मुख्याध्यापक होते आणि हिब्रू प्रार्थनांची पुस्तकं त्यांनी एकामागून एक मराठीत आणली. ससून शाळा बगदादी, म्हणजे इराककडून आलेल्या ज्यूंची. तिथं शिकवणारा एक कोकणी ज्यू आपल्या माणसांसाठी मराठीत लिहीत राहिला. मराठी गद्याच्या इतिहासात या कामाची नोंद मला क्वचित सापडते, आणि त्याचा मला त्रास होतो. बायबलच्या मराठी भाषांतराबद्दल आपण बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण मूळ हिब्रू समोर ठेवून, ती प्रार्थना स्वतः रोज म्हणणाऱ्या माणसानं केलेलं मराठी हे वेगळं आहे. त्यात देवाशी बोलण्याची सवय दिसते.

एका जुन्या ग्रंथालयात मी असं एक प्रार्थनापुस्तक शोधत गेले होते. सूचीत 'ज्यू' नव्हतं, 'यहुदी' नव्हतं. दोन तास शोधल्यावर ते सापडलं 'ख्रिस्ती धर्म' या कपाटात. तिथल्या गृहस्थांना सांगितलं तर म्हणाले, "बायबलचंच आहे ना ते?" मी त्यांना बसून समजावलं. पुस्तक अजून त्याच कपाटात आहे. फॉर्मवर 'इतर' या चौकोनात खूण करायची मला सवय होती. 2016 मध्ये राज्य सरकारनं ज्यूंना अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली तेव्हा मला आधी ते कपाट आठवलं.

आता कीर्तनाकडे येते, कारण त्याबद्दल ऐकलं की मराठी माणसाचा चेहरा उजळतो. 1880 च्या सुमाराला मुंबईतल्या आमच्या मंडळींनी हरिदासांची कीर्तनं ऐकली आणि मनात आणलं, आपल्या कथा अशा का सांगू नयेत? मग बायबलातल्या योसेफाचं आख्यान झालं, दावीदाचं झालं. ओवी, साकी, दिंडी, आर्या सगळं त्यात आलं. भावांनी विहिरीत टाकलेला योसेफ दिंडीच्या चालीत रडू लागला. ज्या बायांना अक्षरओळख नव्हती त्यांना तोरा, आमचा धर्मग्रंथ, पहिल्यांदा समजला तो या कीर्तनांतून, पेटी आणि टाळांच्या साथीवर. कुणी म्हणेल, ही तर नक्कल. मला तसं वाटत नाही. कोकणात वाढलेल्या माणसाच्या कानात दिंडी होतीच. आपल्या मनातलं सगळ्यात जवळचं सांगताना त्यानं ती वापरली, एवढंच. पुढं ही कीर्तनं थंडावली. ठाण्यात आमच्या बायांनी ती पुन्हा म्हणायला घेतली, तेव्हा पहिल्याच बैठकीत एक नव्वदीच्या मावशी वही न बघता सगळी पदं म्हणून गेल्या.

इंग्रजीतलं लिहिणंही आमचंच आहे. हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी बेने इस्राएलांचा इतिहास 1897 मध्ये लिहून पुरा केला. तो छापला गेला 1937 मध्ये, तेल अवीवला. चाळीस वर्षं ते हस्तलिखित थांबलं, आणि छापून आलं तेव्हा लेखक हयात नव्हते. इंग्रजीत लिहिणारे कवी निस्सिम इझिकेल तर सगळ्यांना ठाऊक आहेत, पण ते आमच्यातले हे पुष्कळांना ठाऊक नसतं. त्यांच्या एका कवितेत बिया भरडून पोट भरणारे पूर्वज येतात, ते आमचे शनवार तेलीच. त्यांनी इंदिरा संतांच्या कविता वृंदा नाबर यांच्याबरोबर इंग्रजीत नेल्या, आणि मला त्यांचं हे काम फार मोलाचं वाटतं. अहमदाबादच्या एस्थर डेव्हिड यांना 2010 मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तो ज्या कादंबरीसाठी, तिची नायिका अलिबागकडच्या दांड्याला एकटी राहून ओस पडलेलं सिनेगॉग सांभाळते, आणि प्रत्येक प्रकरण एका पाककृतीनं सुरू होतं. बिरड्याचा रोजा आठवून मी ती वाचली.

इस्रायल झाल्यावर आमचे बहुतेक लोक तिकडे गेले. इथं आता काही हजार उरलोत. तिकडे गेल्यावर काही वर्षांनी, लग्नं लावताना, तुम्ही खरे ज्यू का, तुमच्या पूर्वजांचा तपास करावा लागेल, असं धर्मपीठानं म्हटलं. आमच्या लोकांनी धरणं धरलं, आणि 1964 मध्ये तिथल्या संसदेनं ते पूर्ण ज्यू असल्याचं जाहीर केलं. माझी आत्या त्या दिवसांबद्दल बोलायची नाही. पण तिच्या घरी, इस्रायलमधल्या लोड शहरात, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक यायचं, तिथल्याच आमच्या लोकांनी काढलेलं, आणि ती ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची. तिच्या नातवंडांना त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. ती हिब्रूत बोलतात, हिब्रूत भांडतात. हगाद्याची उजवी बाजू आता त्यांना सगळी कळते, आणि आजीची डावी बाजू त्यांच्यासाठी गप्प झाली आहे.

शेवटी एका वहीबद्दल. आमच्याकडे देवाचं नाव असलेलं जुनं, फाटलेलं पुस्तक टाकून देत नाहीत, रद्दीत घालत नाहीत. ते कब्रस्तानात माणसासारखं पुरतात. दोन वर्षांपूर्वी आमच्या सिनेगॉगमध्ये अशी पुस्तकं गोळा करत होते. आजीचा हगादा पार सुटा झाला होता, म्हणून मी तो घेऊन गेले, आणि त्याच्याबरोबर तिची वहीही. ती मराठी चौथी शिकलेली. तिला हिब्रू लिपी येत नव्हती, म्हणून तिनं आजोबांकडून ऐकून सगळ्या प्रार्थना देवनागरीत उतरवल्या होत्या आणि प्रत्येकीखाली शाईचा रंग बदलून मराठी अर्थ लिहिला होता. 'शेमा'च्या ओळीतला शेवटचा शब्द, 'एहाद', एकच, हा लांबवून म्हणायचा असतो. तिनं तो लिहिला होता 'एहाऽऽऽद', तीन अवग्रह घालून.

प्रार्थना चालवणाऱ्या हजानांनी हगादा ठेवून घेतला. वही उघडून ते उभ्याउभ्या पानं उलटत राहिले. हिब्रूचं एकही अक्षर त्यात नव्हतं, तेव्हा ती पुरायची की नाही, हे त्यांना ठरवता येईना. मग ते त्या ओळीपाशी आले, आणि त्यांनी ती मोठ्यानं म्हटली, तिन्ही अवग्रहांएवढी लांबवून, अगदी आजोबांसारखी.

"बाई," ते वही माझ्या हातात देत म्हणाले, "हिच्यावरून अजून म्हणता येतं. घरी न्या."